अक्षरांची चोरी आणि तिची पारख

घरांतील धान्य, दागिना किंवा रोकड चोरीस गेली म्हणजे ती जागेवरून नाहींशी होते, आणि धन्यास चोरी कळते. अक्षरांच्या चोरींत तसें घडत नाहीं. ज्याचें लेखन गेलें त्याच्या पदरीं तें जसेंच्या तसें राहतें. नाहींसें होतें तें फक्त त्याचें नांव. म्हणूनच या चोरीचा बोभाटा होत नाहीं, आणि पुष्कळशा सुशिक्षित घरांत ही चोरी आहे असें कोणाच्या मनासहि शिवत नाहीं.

शाळेनें प्रकल्प लिहावयास सांगितला कीं मुलगा मोबाइलवर विषयाचें नांव घालतो आणि दिसेल तो मजकूर उतरून काढतो. कित्येकदां तर हें काम त्याच्याऐवजीं काका किंवा आत्याच उरकून टाकितात. सकाळीं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप-मंडळांत एखादा सुरेख उतारा येतो. त्याखालचें लेखकाचें नांव वाटेंत कोणी तरी पुसलेलें असतें, नाहीं तर त्या जागीं पु. ल. देशपांडे अथवा व. पु. काळे यांचें नांव, त्यांनीं तो लिहिलेला नसतांहि, चिकटविलेलें असतें. आमच्या मारेगांवासारख्या तालुक्याच्या गांवींहि हें रोजचें झालें आहे. तेव्हां ही चोरी ओळखावी कशी, आणि ओळखतांना निरपराध माणसावर बालंट येऊं नये म्हणून काय जपावें, याचा विचार घरांतील वडील मंडळींनीं करणें अवश्य आहे.

हा प्रकार इंटरनेटनें जन्मास घातला असें मात्र कोणी समजूं नये. सतराव्या शतकांत सालोमालो नांवाचा गृहस्थ तुकोबांचे अभंग घेऊन, शेवटीं येणारी त्यांची नाममुद्रा काढून तेथें आपली घालीत असे. तुकोबांनीं त्याचा समाचार अभंगांतच घेतला असून ते अभंग गाथेंत आहेत. उलट बाजूचेंहि उदाहरण आपल्याकडे आहे. संत नामदेवांच्या नांवावर चालत आलेल्या रचनांत पुढील काळांतील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळून गेल्या, आणि भाषेचें वय पाहून त्या निराळ्या काढण्याचें काम अभ्यासकांस करावें लागलें. एकीकडे खऱ्या कर्त्याचें नांव पुसलें गेलें. दुसरीकडे एकाची रचना दुसऱ्याच्या नांवीं जमा झाली. आज मोबाइलवर घडतें तें हेंच. वेग मात्र वाढला आहे.

प्रत्येक साम्य म्हणजे चोरी असते काय, हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींनीं बारकाईनें तपासलेला आहे. दहाव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या राजशेखरानें ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथांत शब्दहरण व अर्थहरण यांवर स्वतंत्र अध्याय लिहिले. हा ग्रंथ १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत पहिलें पुष्प म्हणून छापला गेला. त्यांत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भांतील वत्सगुल्म नगरीं, म्हणजे आपल्या शेजारच्या वाशिमास, झाल्याचें वर्णन आहे. तेव्हां आपणां वैदर्भीयांस तर तो घरचाच वाटावा. अर्थाच्या उसनवारीचे राजशेखर चार प्रकार सांगतो. अर्थ सगळा दुसऱ्याचा आणि शब्दांची मांडणी तेवढी निराळी, तो प्रतिबिंबकल्प. थोडाबहुत संस्कार केल्यामुळें वस्तु निराळी भासते, तो आलेख्यप्रख्य. विषय भिन्न असूनहि साम्यामुळें दोन्ही एकच वाटतात, तो तुल्यदेहितुल्य. मूळ गाभा एक, परंतु रचना सर्वस्वी नवी, तो परपुरप्रवेशसदृश. यांपैकीं पहिला प्रकार त्यानें त्याज्य ठरविला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९७८ सालीं आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यांत असाच विवेक केला: नुसत्या कल्पनेवर कोणाची मालकी नसते, ती कल्पना ज्या शब्दांत व ज्या रीतीनें मांडली, त्या मांडणीवर असते.

आतां ही चोरी यंत्र कशी पकडतें तें पाहूं. संगणक सबंध निबंध आपल्यासारखा वाचीत नाहीं. तो मजकुराचे कांहीं शब्दांचे लहान लहान तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकडा आपल्या भांडारांतील ग्रंथ, प्रबंध व इंटरनेटवरील पानें यांच्याशीं ताडून पाहतो. जेथें तुकडे जुळतात तेथें रंग भरतो आणि शेवटीं शेंकडा इतकें साम्य असा आंकडा काढून देतो. विद्यापीठ अनुदान मंडळानें २०१८ सालीं याविषयीं नियम केले. शेंकडा १० पर्यंत साम्य असल्यास शिक्षा नाहीं. १० ते ४० असल्यास सहा महिन्यांच्या आंत प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० असल्यास एक वर्षपर्यंत सुधारलेला प्रबंधहि देतां येत नाहीं, आणि ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. नांव देऊन घेतलेलीं अवतरणें या हिशेबांत धरीत नाहींत. सलग चौदा शब्दांपर्यंतचें योगायोगाचें साम्यहि सोडून देतात. विद्यापीठांस हें यंत्रसाहाय्य मिळावें म्हणून २०१९ सालीं ‘शोधशुद्धि’ ही योजना सुरू झाली. ती चालविणारी गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्थाच ‘शोधगंगा’ हें प्रबंधांचें भांडार सांभाळते.

परंतु यंत्राचा आंकडा म्हणजे न्यायनिवाडा नव्हे. एखाद्या प्रबंधांत शेंकडा आठच साम्य असेल, पण ते आठ भाग त्याचा प्राणभूत सिद्धांतच असूं शकेल. इंग्रजी लेखाचें कोणी गुपचूप मराठी भाषांतर केलें, तर केवळ शब्दास शब्द ताडणारें यंत्र त्यास निर्दोष ठरवील. मराठीची म्हणून आणखी अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर डोळ्यांस देवनागरी दिसला तरी संगणकाच्या पोटांत तो रोमन अक्षरांनीं सांठविलेला असतो. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र देखील दोन निराळ्या रीतींनीं सांठवितां येतो. डोळ्यांस शब्द एकच. पण यंत्रास तशी आधीं समज दिलेली नसेल, तर त्याच्या लेखीं ते दोन. म्हणून शेवटची पारख जाणत्या वाचकानेंच करावयाची आहे.

ती करण्याची उत्तम रीत पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें घालून दिलेली आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम तेथें १९१९ सालीं सुरू झालें; १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते, आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. श्लोक वर लिहून त्याखालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ हे पंडित अक्षरशः मांडीत. अशा तुलनेचें एक मर्म आहे. दोन पोथ्यांत योग्य पाठ सारखा असला तर त्यावरून फारसें कांहीं ठरत नाहीं, कारण योग्य तें दोघांसहि स्वतंत्रपणें सांपडूं शकतें. परंतु दोहोंत एकच विचित्र चूक असेल, तर त्यांचें मूळ कोठें तरी एक आहे असें समजावें. लेखनचोरी ओळखण्यास याहून खात्रीची खूण क्वचितच मिळेल.

दुसरी खूण जोडाची. बाजारांत कापसाची गाडी आली म्हणजे व्यापारी वरचा कापूस पाहून थांबत नाहीं, मधला ओढून पाहतो. तसेंच लेखाचेंहि पाहावें. आरंभ बोबडा आणि मध्येंच चार परिच्छेद प्रौढ, असें दिसलें कीं तेथें सांधा आहे असें समजावें. तिसरी खूण लेखनपद्धतीची. १९६२ सालीं मराठी महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनानें स्वीकारल्यावर अनुच्चारित अनुस्वार लिहिण्याची रीत गेली. माझ्यासारखे कांहीं हट्टी लोक तेवढे उरले. आठवींतल्या मुलाच्या वहींत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’ असे शब्द माथ्यावरील टिंबांसह मध्येंच उगवले, तर तो उतारा कोणत्या काळचा तें सांगावयास नको. संशय आला तर त्यांतील सहासात शब्दांचा थोडा वेगळा तुकडा अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधावा. बहुधा मूळ पान सांपडतें, आणि कोणतें पान आधींचें तें तारखांवरून ताडतां येतें.

येथें सावधगिरीचा एक अनुभव सांगतों. लोकनायक बापूजी अणे यांच्यावरील निबंधांत दोन मुलींनीं त्यांचें जन्मवर्ष चुकीचें लिहिलें, आणि तेंहि एकच. बापूजींचा जन्म शेजारच्या वणीस १८८० सालीं झाला, हें आमच्या भागांत सर्वश्रुत आहे. एकीनें दुसरीची वही उतरली असा वर्गांत गलका झाला. दोघींस निरनिराळें बसवून विचारलें तेव्हां कळलें कीं दोघींनींहि एकाच मार्गदर्शक पुस्तकांतून तें घेतलें होतें. एकमेकींच्या वह्या त्यांनीं पाहिल्यासुद्धां नव्हत्या. सारखी चूक समान मूळ दाखविते. कोणी कोणाचें घेतलें हें ती सांगत नाहीं. त्या मुलींस शिकवावयाचें होतें तें पुस्तकाचें नांव लिहिण्यास. चोर म्हणून त्यांस वर्गासमोर उभें केलें असतें, तर तो डाग पुसणें कठीण होतें.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून हा धोका वाढला आहे. यंत्रानें नव्यानें जुळविलेलीं वाक्यें कोठेंच जशींच्या तशीं सांपडत नाहींत, म्हणून तीं ओळखणारीं दुसरीं यंत्रें निघालीं. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआय कंपनीनेंच २०२३ च्या जानेवारींत असें एक साधन दिलें. तिच्या स्वतःच्या चांचणींत त्यानें यंत्रलिखित मजकुरापैकीं शेंकडा २६ च ओळखला, आणि माणसांनीं लिहिलेल्यापैकीं शेंकडा ९ यंत्राचा ठरविला. तें पुरेसें अचूक नाहीं म्हणून जुलैंत कंपनीनें तें मागें घेतलें. अशा आंकड्यांवर विसंबून मुलास खोटा ठरविण्यापूर्वीं त्यास जवळ बसवून “हें तुझ्या शब्दांत सांग पाहूं” एवढेंच म्हणावें. ज्यानें स्वतः लिहिलें तो अडखळत कां होईना, पण सांगतो.

घरांत करावयाचें तें थोडकें आहे. मुलानें कोठून घेतलें तें प्रकल्पाच्या शेवटीं लिहावें, आणि वडिलांनीं तें पाहिल्यावांचून सही करूं नये. मोबाइलवर आलेला उतारा पुढें धाडतांना नांव पुसूं नये. ठाऊक नसल्यास ‘कर्ता अज्ञात’ असें लिहावें, पण थोरांचें नांव अंदाजानें चिकटवूं नये. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाप्रमाणें लेखकानें आपले हक्क विकले तरी कर्ता म्हणवून घेण्याचा अधिकार त्याचाच राहतो. परंतु घरांत कायद्याचा धाक घालावा लागूं नये. ज्यांनीं आपणांस ज्ञान दिलें त्यांच्या ऋणास आपल्याकडे ऋषिऋण म्हणतात. तें सगळें फेडणें कोणास साधत नाहीं. घेतलेल्या वाक्याखालीं देणाऱ्याचें नांव लिहिणें मात्र दहा वर्षांच्या मुलासहि साधेल. घरांतील वडिलांनीं तें आधीं स्वतः करून दाखवावें.