गियरची मोटार आणि जंगलांतील रस्ता

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मोटार चालविणें म्हणजे बहुतांशीं जंगलांतून मोटार चालविणें होय. चंद्रपुराहून मूलच्या वाटेस लागावें, किंवा आलापल्लीहून भामरागडाकडे निघावें. थोड्याच वेळांत दोहों बाजूंनीं झाडी जवळ येते. अशा मुलखांतही तरुण मंडळींना लहान, ठेंगणी, शर्यतीच्या थाटाची गाडी हवीशी वाटते, आणि आपोआप गियर बदलणाऱ्या गाड्या आतां मिळत असतांही तींतील कित्येक जण हौसेनें हातानें गियर बदलण्याचीच गाडी घेतात. ही हौस मला तरी योग्य वाटते. मात्र ज्याचा हात गियरवर बसलेला नाहीं, त्यानें अशी गाडी घेऊन जंगलाच्या रस्त्यावर जाणें म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशीं खेळणें होय.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळून तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. तोंवर शेजारीं परवानाधारक शिकविणारा बसलेला हवा, आणि गाडीच्या पुढें व मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल’ हें अक्षर हवें.

आतां मुख्य गोष्ट. बैल आणि इंजिन यांत एक मोठा फरक आहे. बैल उभ्या जागेवरून जोर लावतो. इंजिनाला तें साधत नाहीं. मिनिटास सातशें-आठशें फेरे घेत असेल तरच तें जिवंत राहतें, त्याखालीं आलें कीं बंद पडतें. उलट उभ्या गाडीचीं चाकें मुळींच फिरत नसतात. या फिरणाऱ्या इंजिनाची आणि न फिरणाऱ्या चाकांची गांठ घालून देणारा मध्यस्थ म्हणजे क्लच. इंजिनाच्या जड चक्रावर एक घर्षणाची तबकडी स्प्रिंगच्या जोरानें दाबलेली असते. आपण क्लच दाबतों तेव्हां ती सुटी होते. पाय हळूहळू उचलला कीं ती प्रथम घसरत, घांसत, आणि शेवटीं घट्ट बसून चक्राबरोबर फिरूं लागते. त्या घसरण्याच्या दोन-तीन क्षणांत सारी विद्या आहे. नवशिका पाय एकदम सोडतो, त्या क्षणांना जागाच ठेवीत नाहीं, आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडते.

गियरचें काम याच्या पुढचें. पहिल्या गियरांत इंजिनाचे बारा ते पंधरा फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. म्हणून तेथें जोर अधिक आणि वेग कमी. सर्वांत वरच्या गियरांत हेंच प्रमाण तीन-चार फेऱ्यांवर येतें; तेथें वेग आहे, जोर नाहीं. चढावर वरचा गियर ठेवून इंजिनाला धापा टाकावयास लावणारे चालक आपण पाहतोंच.

शिकण्याचा आरंभ मोकळ्या, सपाट मैदानांत करावा, आणि पहिला धडा ॲक्सिलरेटरला पाय न लावतां घ्यावा. पहिला गियर टाकून क्लच इतका सावकाश सोडावा, कीं इंजिनाचा आवाज किंचित् जड होईल आणि गाडीचें नाक जरासें उचलल्यासारखें वाटेल. तेथेंच पाय थांबवावा. यालाच आपल्याकडे सर्रास ‘हाफ क्लच’ म्हणतात. गाडी गोगलगाईच्या चालीनें सरकूं लागेल. पुन्हां क्लच दाबून थांबावें, पुन्हां सोडावा. हें वीस-पंचवीस वेळां केलें म्हणजे पायाला ती जागा कळते. पुस्तक वाचून ती कळत नाहीं. प्रत्येक गाडीची ती जागा निराळी असल्यामुळें दुसऱ्याची गाडी हातीं घेतांना तज्ज्ञही प्रथम तिचाच शोध घेतो. मात्र गाडी चालूं लागल्यावर डावा पाय क्लचवर विसांवा घेत ठेवूं नये. तबकडी घांसून तापते, जळका वास सुटतो, आणि नवी तबकडी स्वस्त नसते.

लहान गाडी चपळ असते ती केवळ शक्तीमुळें नव्हे. हलकेपणाही तितकाच कारण आहे. गोव्यांत १९९८ च्या सुमारास सॅन स्टॉर्म नांवाची दोन आसनांची उघडी गाडी बनूं लागली. तिचें रेनॉचें इंजिन अवघें साठ अश्वशक्तीच्या आसपासचें होतें, तरीही ती शर्यतीच्या थाटाची गणली गेली, कारण तिचें अंग फायबरचें होतें. आजच्या अशा गाड्यांत शक्तीही असते. टाटांनीं २०२४ सालीं काढलेल्या अल्ट्रोझ रेसरमध्यें १२० अश्वशक्ती आणि सहा गियर आहेत. तिचें इंजिन टर्बोचें आहे; त्याचा पूर्ण जोर मिनिटास सुमारें १७५० फेऱ्यांपासून मिळतो. त्याखालीं पाय दाबला तर क्षणभर कांहींच होत नाहीं, आणि मग एकदम ओढ येते. ही ओढ नवशिक्याला फसविते. दुसऱ्या गियरांत थोडा पाय दाबला एवढेंच त्याला वाटतें. कांटा पाहतो तों वेग साठाच्या वर गेलेला असतो.

दांडा मुठींत आवळूं नये, तळव्यानें ढकलावा. पूर्वीच्या गाड्यांत दोन दंतचक्रांचा वेग सारखा करण्याचें काम चालकासच करावें लागे, व त्यासाठीं क्लच दोनदां दाबावा लागे. वेग आपोआप जुळविणारी योजना कॅडिलॅक गाड्यांत १९२८ सालीं आली, आणि आज ती पुढच्या सर्व गियरांना असते. तिला काम करावयास निमिषभर वेळ मात्र द्यावा. खालच्या गियरावर येतांना क्लच सोडण्यापूर्वीं ॲक्सिलरेटर किंचित् दाबला, तर गाडीला हिसका बसत नाहीं.

आतां जंगलाकडे येऊं. साठाच्या वेगानें जाणारी गाडी सेकंदास जवळ जवळ सतरा मीटर धांवते. पुढें कांहीं दिसल्यावर ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबावयास आणखी सुमारें वीस मीटर लागतात. ऐशींच्या वेगानें हाच हिशेब अठ्ठावन्न मीटरांच्या घरांत जातो. रात्रीं खालीं वळविलेल्या दिव्यांचा उजेड फार तर पन्नास मीटर उपयोगीं पडतो, असें धरलें तर ऐशींच्या वेगानें जाणारा मनुष्य अंधारांतच गाडी चालवीत असतो. एक चितळ रस्ता ओलांडून गेलें म्हणजे बहुधा त्याच्या मागें दुसरें असतें. रोही आणि रानडुकरें यांचेंही तसेंच. माणसांचा विचार त्याहून आधीं करावा. मार्च-एप्रिलांत मोहाचीं फुलें वेंचावयास बायामाणसें उजाडण्यापूर्वींच घराबाहेर पडतात, मे महिन्यांत तेंदूपत्त्याचे भारे घेऊन चालतात, आणि बैलगाडीला मागें दिवा नसतो.

म्हणून झाडी दाट झाली किंवा वळण दिसलें, कीं आधीं वेग कमी करून खालचा गियर घ्यावा, आणि मग वळणांत शिरावें. खालच्या गियरांत ॲक्सिलरेटर सोडतांच इंजिनच गाडीला मागें धरून ठेवतें; ब्रेक हातचा राहतो. उतारावर पेट्रोल वांचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडण्याची एक खोड आपल्याकडे फार आहे. तिचा लाभ कांहीं नाहीं. आजचीं बहुतेक इंजिनें गियरांत असतांना उतारावर पेट्रोल घेणेंच थांबवितात, न्यूट्रलमध्यें मात्र तीं चालू राहण्यापुरतें जाळीतच असतात. आणि गाडीवरील ताबा जातो तो वेगळाच. एटापल्ली-आलापल्लीच्या बाजूस सुरजागडच्या लोहखनिजाचे लांबच लांब ट्रक भेटतात. त्यांना मागें टाकावयाचें तर पुढचा रस्ता स्वच्छ दिसल्यावर, आधींच खालचा गियर घेऊन. अर्ध्या वाटेवर दांडा शोधीत बसण्यासाठीं नव्हे.

मागें जाण्याचा गियर बहुतेकांना अंगणांतून निघण्यापुरताच ठाऊक असतो. २०२१ च्या ऑक्टोबरांत छत्तीसगडाकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यांत आला. रस्त्यांत हत्ती उभा दिसल्यास दूरच थांबावें, भोंगा वाजवूं नये, आणि सरळ मागें येतां यावें. थांबतांना क्लच पुरता दाबला नाहीं, तर इंजिन नेमकें तेव्हांच बंद पडतें. गाडी पूर्ण थांबल्यावरच हा गियर टाकावा, कारण बहुतेक गाड्यांत त्याला वेग जुळविण्याची योजना नसते. आणि मागें येतांना वेग हाफ क्लचनेंच सांभाळावा. मैदानांत दोन वृक्षांच्या मधून पन्नास पावलें सरळ मागें येण्याचा सराव केलेला असला, तर त्या वेळीं हात कांपत नाहींत.

राहतां राहिला पावसाळा. ठेंगण्या गाडीचा तळ जमिनीपासून वीतभरही उंच नसतो. पर्लकोटा नदीचें पाणी चढून भामरागडाची वाट अनेक पावसाळ्यांत बंद पडलेली आहे. तशा वाहत्या पाण्यांत कोणतीच गाडी घालूं नये. रपट्यावर उथळ, स्थिर पाणी असेल आणि तळ दिसत असेल, तरच पहिला गियर घेऊन, इंजिनाचा आवाज चढता ठेवून, सावकाश पलीकडे जावें. मध्यें गियर बदलूं नये, आणि ॲक्सिलरेटर सोडूं नये, नाहीं तर धुराच्या नळींत पाणी शिरण्याचा संभव असतो. बाहेर आल्यावर हळू चालवीत ब्रेक दोन-चार वेळां हलकेच दाबावेत, म्हणजे घर्षणानें ते वाळतात. मगच दुसरा गियर टाकावा.