घोड-कुकडीच्या खोऱ्याचा उद्याचा नकाशा

1972 पासून लँडसॅट उपग्रह आपलं जुन्नर-आंबेगाव टिपत आलेत आणि ही चित्रं कुणालाही फुकट मिळतात! दोन वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे एकमेकांवर ठेवले की जंगल कुठे घटलं, जिरायतीत ऊस कुठे आला, ते कळतं. त्याला उतार, रस्ता आणि कालव्यापासूनचं अंतर जोडलं की क्यूजीआयएससारखं मोफत सॉफ्टवेअर पुढचा अंदाज मांडतं. आधी मात्र सरलेल्या वर्षाचं भाकीत करून प्रत्यक्षाशी ताडायचं. ही पायरी गाळलेला नकाशा मी मानत नाही.

डिंभे, येडगाव धरणांच्या पाण्याने खालच्या अंगाची पिकं पालटली. पश्चिमेचे डोंगर वेगळे. 2014 साली तिथेच माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं. अशा उतारांवर शेती-वस्ती कुठे सरकेल, हे ग्रामसभेला आधी दिसलंच पाहिजे.

चित्रं हिवाळ्यातलीच घ्या, तीही एकाच महिन्यातली. पावसाळ्यात नुसते ढग दिसतात.