पापणी मिचकावण्यासाठी सर्वोच्च न्यायालय

‘कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवा,’ असं बँकेचं ॲप सांगतं. मी जन्मांध आहे. चेहरा चौकटीत आला की नाही, ते फोन सांगत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर नुसतं ‘बटण, बटण’ म्हणत राहतो, कारण बनवणाऱ्याने बटणांना नावंच दिलेली नसतात. तोवर ओटीपीची मुदत संपते आणि शेजारच्या काकूंना बोलवावं लागतं. काकू भल्या आहेत, पण माझ्या खात्यातली शिल्लक त्यांना का कळावी?

ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या प्रज्ञा प्रसून ग्राहकाची ओळख पटवण्याच्या (केवायसी) प्रक्रियेत याच पापणीपाशी अडल्या आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दृष्टिहीन वकील अमर जैन यांचीही याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल लागला : डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. पापणी मिचकावण्याला पर्याय द्या, ॲप आणि वेबसाइटची सुगम्यता वेळोवेळी तपासून घ्या, असे एकूण २० निर्देश न्यायालयाने दिले.

मुळात कोर्टात जायची वेळ का यावी? अमेरिकेत ती येते, कारण तिथला अपंगहक्क कायदा १९९० चा, त्यात वेबसाइटचा उल्लेखच नाही. म्हणून डॉमिनोजच्या वेबसाइटवरून पिझ्झा मागवू न शकलेल्या अंध ग्राहकाच्या बाजूने २०१९ मध्ये एका अपील न्यायालयाने कौल दिला, तर २०२१ मध्ये विन-डिक्सी या दुकानसाखळीच्या खटल्यात दुसऱ्या अपील न्यायालयाने वेबसाइटला कायद्यातली ‘सार्वजनिक जागा’च मानलं नाही. पुढे तो निकालही रद्द झाला.

आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मात्र इलेक्ट्रॉनिक माध्यमं सुगम हवीत, असं कलम ४२ स्पष्ट सांगतं. घोळ नियमांत झाला. कायद्याने सक्ती केली आणि २०१७ च्या नियम १५ ने तिची नुसती शिफारस करून टाकली. सुगम्यतेसाठी राजीव रातुरी यांनी केलेल्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे नियम करायला सांगितलं. रातुरींची याचिका होती २००५ ची! दाद मागणाऱ्याने इतकी वर्षं थांबायचं, हे मला मान्य नाही. वेबसाइट कोणत्या निकषांवर तपासायची, ते नियमातच लिहिलेलं हवं.

तुमच्या पतसंस्थेची किंवा शाळेची वेबसाइट असेल, तर माझ्यासारख्याला माउस वापरता येत नाही हे लक्षात घेऊन तो बाजूला ठेवा आणि नुसत्या कीबोर्डवर तिथला एक फॉर्म भरून बघा. अडलात, तर ती बनवणाऱ्याला आजच फोन करा.