चिखल फासला की शिकारी चुकतो?

निम्रोद अंतालचा ‘प्रिडेटर्स’ २०१० साली आला. रशियन सैनिक, इस्रायली स्नायपर, पैशासाठी लढणारा अमेरिकन अशी परस्परांना अनोळखी माणसे पॅराशूटने एका जंगलात येऊन पडतात. थोड्या वेळाने कळते की हे जंगल पृथ्वीवरचे नाहीच, परग्रहवासीयांनी शिकारीसाठी राखून ठेवलेले रान आहे. श्वार्झनेगरच्या १९८७ च्या ‘प्रिडेटर’चीच ही परंपरा. तिथला शिकारी माणसाला त्याच्या अंगातल्या उष्णतेवरून हेरतो आणि अंगाला चिखल फासला की फसतो. सिनेमातले बाकी सगळे विसरले जाते, ही युक्ती मात्र लोक शास्त्र म्हणून सांगतात.

ही युक्ती पडद्यावर शोभून दिसते. तलासरी तालुक्यातल्या झाईच्या किनाऱ्यावर ती लावून पाहू.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश असते. त्या तापमानाला ती अवरक्त किरण बाहेर टाकते. त्यांची तरंगलांबी दहा मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून थर्मल कॅमेरेही आठ ते चौदा मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहतात. ओला गार चिखल अंगावर थापला की सुरुवातीला खरेच आडोसा मिळतो. पण चिखल स्वतःही उत्तम किरण सोडतो आणि खालच्या कातडीची ऊब हळूहळू त्याच्यात उतरते. पाणी उडत राहील तोवरच तो गार राहतो. झाईच्या दमट हवेत घाम वाळायची मारामार, तिथे चिखलातले पाणी कुठले भराभर उडायला! काही वेळातच माणसाच्या आकाराचा कोमट चिखल कॅमेऱ्यापुढे उभा. पाण्यात बुडी मारली तर गोष्ट वेगळी, कारण पाण्याचा अगदी पातळ थरही हे किरण शोषून घेतो. झाईच्या मच्छीमाराला लपायचेच झाले तर खाडीच्या चिखलापेक्षा समुद्र बरा.

दुसरा समज असा की उष्णता पाहणाऱ्या नजरेला माणूस नेहमी लालभडक दिसतो. खरे तर उष्णतेला रंग नसतो. लाल, पिवळा, निळा हे रंग यंत्राने आपल्या सोयीसाठी भरलेले असतात. यंत्राला दिसतो तो फक्त फरक. मे महिन्याच्या दुपारी या किनाऱ्यावर सावलीतली हवाच ३३-३४ अंशांना टेकते, म्हणजे घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाडीत सावलीत उभा माणूस मागच्या झाडांत जवळजवळ विरून जाईल. तोच माणूस तापलेल्या वाळूवर आला तर वाळू त्याच्याहून गरम, म्हणून तो उलट गार डागासारखा दिसेल. ‘प्रिडेटर्स’च्या शेवटी नायक भोवती आग पेटवून शिकाऱ्याला गोंधळात टाकतो. चिखलापेक्षा शास्त्राच्या जवळ जाणारा डाव तो आहे, पण लक्षात राहतो चिखलच.

भिंतीपलीकडचे दिसते, हाही एक लाडका समज. थर्मल कॅमेऱ्याला फक्त पृष्ठभाग कळतो. साधी खिडकीची काचसुद्धा त्याला अपारदर्शक असते; काचेमागे उभ्या माणसाऐवजी कॅमेरा काचेचेच तापमान दाखवतो.

असे यंत्र किरण सोडते की टिपते, या गोंधळातून २०२० मध्ये करोनाच्या साथीत एक अफवा पसरली. दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या दारात कपाळासमोर धरली जाणारी ती थर्मल गन किरण सोडते आणि मेंदूवर परिणाम करते, असे लोक म्हणू लागले, आणि कपाळाऐवजी मनगट पुढे करू लागले. ती बंदूक तापमान मोजण्यासाठी काहीच सोडत नाही, कपाळातून निघणारे किरण टिपते. एखाद्या यंत्रात लाल ठिपका असतो, पण तो फक्त नेम धरण्यापुरता.

अशी नजर परग्रहावरच सापडते असेही नाही. सह्याद्रीतल्या चापडा या सापाच्या डोळ्याच्या आणि नाकपुडीच्या मधोमध एक खाच असते. आतल्या पातळ पडद्याला अंशाच्या बारीक अंशाएवढा फरकही जाणवतो, म्हणून काळोखात जवळ आलेला उंदीर त्याला चुकत नाही. पण हे सगळ्याच सापांना जमते असे समजू नये. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी एकालाही तशी खाच नाही. अजगराच्या ओठांवर मात्र अशा खाचा आहेत. ही जाणीव ज्या प्रथिनामुळे होते ते डेव्हिड ज्युलियस यांच्या चमूने ‘प्रिडेटर्स’ आला त्याच वर्षी ओळखले. त्याच प्रथिनाचे आपल्या अंगातले रूप मोहरीच्या झणक्याने चेतते. ज्युलियस यांना २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, ते तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांच्या शोधाबद्दल.

एक शेवटचा घोळ सीसीटीव्हीचा. रात्री चित्र दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला लोक सरसकट थर्मल म्हणतात. सोसायटीच्या फाटकावरचा कॅमेरा आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश स्वतः टाकतो आणि परत येणारा टिपतो. उजेडाचा झोत बंद केला तर तो आंधळा. सिनेमातल्या शिकाऱ्याशी खरे नाते आहे ते बिबट्यांच्या गणनेसाठी जंगलात बांधलेल्या कॅमेरा ट्रॅपचे. त्याचा संवेदक समोरून सरकणाऱ्या उष्णतेतला बदल टिपून फोटो काढतो. आणि भर उन्हाळ्यात जनावराचे अंग आणि भोवतालचे रान यांचे तापमान सारखे झाले की समोरून बिबट्या जाऊनही कधीकधी त्याला पत्ता लागत नाही.