परवानगीचे राज्य

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या देवगाव रंगारीत झेंडावंदन होते. भाषणे होतात. त्यांत रझाकार येतात, कासीम रझवी येतो, १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलीस कारवाई येते आणि पाच दिवसांत निजामाने पत्करलेली शरणागती येते. हे सगळे खरेच आहे. पण ही कहाणीची शेवटची तेरा महिन्यांची बाजू झाली. त्याआधीची तीन दशके माणसे कशाखाली दबून होती, हे या भाषणांतून कळत नाही. रझाकाराची बंदूक डोळ्यांना दिसते. तिच्या कितीतरी आधी आलेला कागद दिसत नाही. या लेखाचा विषय तो कागद आहे.

आमचे गाव कन्नड तालुक्यातले. घाट उतरला की चाळीसगाव, वायव्येला नांदगाव आणि मनमाड. १९४८ पूर्वी ती गावे इंग्रजांच्या राज्यात होती आणि आम्ही निजामाच्या. इंग्रज परके, तरी त्यांच्या हद्दीत टिळकांच्या काळापासून सभा होत, वर्तमानपत्रे निघत. अलीकडे मात्र मीर उस्मान अली खान यांची इच्छा हाच कायदा होता. राज्याच्या सुमारे चाळीस टक्के जमिनीवर सर्फे-खास, पायगा आणि जहागिरींचा अंमल होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ मध्ये निघालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेला दरबारात आपल्या भाषेत दाद मागायची सोय नव्हती.

या राज्यात 'गश्ती निशाण ५३' नावाचे एक परिपत्रक होते. गश्ती म्हणजे खात्याखात्यांतून फिरणारा हुकूम. १९२० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या या हुकमाने सार्वजनिक सभेला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. वरवर पाहता यात जुलूम काहीच नाही. सभा घेऊ नका, असे सरकार म्हणत नव्हते. अर्ज करा, एवढेच म्हणत होते. खाजगी शाळा काढायची, अर्ज करा. व्यायामशाळा काढायची, अर्ज करा. वृत्तपत्र काढायचे, अर्ज करा.

खरी मेख इथेच आहे. बंदी असली की माणूस तिच्याविरुद्ध उभा राहतो, कारण समोर भिंत दिसते. परवानगी असली की तो रांगेत उभा राहतो. अर्ज नामंजूर झाला, तर दोष हुकमाचा राहत नाही. अर्जात काहीतरी चुकले असेल, असे अर्जदारालाच वाटू लागते. पुढच्या खेपेला तो विषय थोडा मवाळ करतो, एखादा वक्ता गाळतो. सरकारचे काम अर्जदार स्वतःच करू लागतो, आणि फुकट करतो.

याचा परिणाम किती खोल होता, ते एका गोष्टीवरून कळते. हैदराबाद संस्थानातील राजकीय परिषदेचे पहिले अधिवेशन १९२३ मध्ये झाले ते काकीनाड्याला. पुढची अधिवेशने मुंबई, पुणे आणि अकोला येथे झाली. चारही ठिकाणे संस्थानाबाहेरची. आपल्या राज्याबद्दल चार शब्द बोलायला माणसांना आपले राज्य सोडून जावे लागत होते.

मग माणसांनी काय केले? पहिली वाट वळसा घालण्याची. राजकारणाला परवानगी नाही ना, मग शाळा काढू, वाचनालय काढू. औरंगाबादेत सरस्वती भुवन, अंबाजोगाईत योगेश्वरी, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा. याच हिप्परग्याच्या शाळेतून आणि पुढे अंबाजोगाईतून व्यंकटेश खेडगीकर हा शिक्षक घडत गेला आणि स्वामी रामानंद तीर्थ म्हणून लढ्याचा नेता झाला. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, तेही सामाजिक आणि शैक्षणिक प्रश्नांच्या आधाराने. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक सुरू केले. बंदी आली की ते नवे नाव घेऊन निघे.

दुसरी वाट १९३८ मध्ये उघडली. हैदराबाद स्टेट काँग्रेसची रीतसर स्थापना होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. जन्मण्याआधीच संस्था बेकायदा ठरली. तेव्हा अर्ज करण्यात अर्थ उरला नाही. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास औरंगाबादच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा हक्क मागितला, आणि हे लोण हैदराबादेत उस्मानियापर्यंत पोहोचले. शेकडो विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांच्यापैकीच एक.

या मुलांनी काही क्रांती केली नव्हती. त्यांनी एवढेच केले की परवानगी न विचारता एक गोष्ट केली. परवानगीच्या राज्याला सगळ्यात जास्त भीती याचीच असते, कारण न विचारता काही करता येते, हे एकाने दाखवले की दुसऱ्याला कळते.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या भाषणांतून हा लढा हिंदू प्रजा विरुद्ध मुसलमान राजा असा सांगितला जाऊ लागला आहे. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचे नाव त्यात येत नाही. भारतात विलीन व्हावे, असे लिहिल्याबद्दल ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. रझाकारांच्या वर्तनाचा निषेध म्हणून तहसीलदारी सोडणारे फरीद मिर्झा येत नाहीत. आणि पोलीस कारवाईनंतर मराठवाड्याच्या गावागावांत निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली, तीही येत नाही. तिची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला होता. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. जुलमी राज्य गेले म्हणून जुलमाची सवय जात नाही. ती फक्त हात बदलते.

हे २५ जून १९७५ नंतर पुन्हा दिसले. निजामाशी लढलेले अनंत भालेराव तेव्हा औरंगाबादेत दैनिक झालेल्या 'मराठवाडा'चे संपादक होते. स्वतंत्र भारताच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याबद्दल उघड बोलण्याचे धाडस केले. पुढे त्यांनाही अटक झाली.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. त्याने संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला मिळतो. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, काही बदल झाले. आज निजाम नाही. निवडणुका आहेत, न्यायालये आहेत, राज्यघटनेचा एकोणिसावा अनुच्छेद आहे. हा फरक लहान नाही, आणि तो पुसणे म्हणजे १९४८ पूर्वी ज्यांनी सोसले त्यांचा अवमान आहे. पण गश्ती निशाण ५३ वाचून मी तीन प्रश्न शिकलो. कोणत्याही सरकारच्या, कोणत्याही कायद्याला ते विचारावेत. गुन्ह्याची व्याख्या इतकी सैल आहे का, की तीत कोणीही बसेल? ठरवणारा आणि तपासणारा एकच आहे का? आणि निर्दोष ठरेपर्यंत माणसाचे जे नुकसान होते, ते कोण भरून देते?

चौथा प्रश्न स्वतःला विचारायचा आहे, आणि तो मी टाळत आलो होतो. गेल्या वर्षी आम्ही काही वाचकांनी मुक्तिसंग्रामावर एक छोटा कार्यक्रम ठरवला. सभागृहासाठी अर्ज मीच लिहिला. वक्त्यांच्या यादीत एक नाव असे होते, की ज्यावरून कोणी विचारणा करील असे मला वाटले. कोणी काही म्हटले नव्हते. कुठला अधिकारी आडवा आला नव्हता. मी कागद पुन्हा लिहिला आणि ते नाव गाळले. कार्यक्रम छान झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर टेबलावर गश्तीबद्दलची माझी टिपणे पडलेली होती. तो हुकूम रद्द होऊन पाऊणशे वर्षे उलटली. माझ्या अर्जात मात्र तो अजून लागू होता.

या वर्षी अर्ज पुन्हा मीच लिहिणार आहे. यादीत ते नाव पहिले असेल.