एका औषधाला न जुमानणारा जिवाणू दुसऱ्यापुढे कसा वागतो?

एका प्रतिजैविकाला जिवाणू दाद देईनासे झाले की दुसरे द्यायचे, इतका हा मामला सोपा वाटतो. पण पहिल्या औषधापासून वाचताना जिवाणूत जो बदल झाला, तो दुसरे औषध येते तेव्हाही तिथेच असतो. कधी तो जिवाणूला पुन्हा वाचवतो, तर कधी अंगाशी येतो.

आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायचे उदाहरण घेऊ. त्याच्या आवरणात आत शिरलेली घातक रसायने बाहेर फेकणारा एक पंप असतो आणि तो औषधा-औषधांत फारसा भेदभाव करत नाही. एरवी 'मार-आर' नावाचे प्रथिन ही यंत्रणा आवरून धरते. त्याच्या जनुकात बिघाड झाला की पंप वाढतात. टेट्रासायक्लिनच्या माऱ्यात असा जिवाणू तगला, तर क्लोरॅम्फेनिकॉल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनही त्याच्यावर कमी चालतात, मग ती औषधे त्याच्या वाट्याला कधी आलेली नसली तरी! याला 'क्रॉस रेझिस्टन्स' म्हणतात.

उलटेही घडते. जेंटामायसिनसारखी औषधे पेशीत शिरतात ती तिच्या पडद्यावरील विद्युतभाराच्या जोरावर. प्रयोगशाळेत या औषधांचा डोस वाढवत नेला, तेव्हा ई. कोलायमध्ये हा भार कमी करणारे बदल टिकून राहिले. औषध आत येणे घटले. मात्र तो बाहेर फेकणारा पंपही याच ऊर्जेवर चालतो! तो मंदावल्याने हेच जिवाणू इतर अनेक प्रतिजैविकांना पूर्वीपेक्षा लवकर बळी पडू लागले. हंगेरीतील सेगेद येथील संशोधकांनी 2013 मध्ये हे दाखवले. अशा उलट्या परिणामाची, म्हणजे 'कोलॅटरल सेन्सिटिव्हिटी'ची, नोंद शिबाल्स्की आणि ब्रायसन यांनी 1952 मध्येच केली होती.

मग औषधे आलटूनपालटून देऊन जिवाणूला कोंडीत का पकडू नये? कल्पना मोहक आहे, आणि तिच्यावर संशोधनही चालू आहे. पण रुग्णाच्या शरीरातल्या जिवाणूला जेंटामायसिन निकामी करणारे विकर बनवण्याचे जनुक अनेकदा दुसऱ्या जिवाणूकडून आयते मिळालेले असते. त्याचा विद्युतभार शाबूत, पंपही जोरात. शिवाय ज्या प्लास्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावरून, हे जनुक आले, त्यावर इतर औषधांपासून वाचवणारी जनुकेही असू शकतात.

म्हणूनच दुसरे औषध अंदाजाने निवडण्यापेक्षा कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी तपासणी महत्त्वाची. तिच्या रिपोर्टमध्ये औषधापुढे बहुधा 'आर' किंवा 'एस' लिहिलेले असते. 'आर' म्हणजे औषध चालणार नाही, 'एस' म्हणजे चालण्याची शक्यता चांगली. जिवाणू कोणत्या वाटेने निसटला, हे मात्र त्या अक्षरावरून कळत नाही.