डब्यातलं दूध आणि न दिसणारी साखर

 

आज ओट्यावर एकच वस्तू काढून ठेवली आहे, कंडेन्स्ड मिल्कचा डबा. बिनअंड्याचा केक करायचा म्हटलं की आपला हात आधी याच डब्याकडे जातो, आणि तुमचे सगळ्यात जास्त प्रश्नही याच केकबद्दल येतात. ‘ताई, केक मधोमध बसला.’ ‘वरून करपला, आतून कच्चा राहिला.’ ‘फारच गोड झाला.’ आणि एक प्रश्न तर हमखास असतो: ‘यात साखर घालत नाही, म्हणजे मधुमेह असणाऱ्यांना चालेल ना?’

या चारही प्रश्नांचं मूळ एकच आहे. मला ते दोन केक केल्यावर कळलं. त्यातला पहिला बिघडला. दुसरा सुरेख झाला, आणि तोच जास्त महागात पडला.

पहिला केक सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीचा. आमच्याकडे अंडं चालत नाही. मी अंड्याच्या केकची कृती घेतली, अंडी काढली, त्यांच्या जागी डबाभर कंडेन्स्ड मिल्क ओतलं आणि कृतीतली वाटीभर पिठीसाखर तशीच राहू दिली. ओव्हनमध्ये केक मस्त फुगला. बाहेर काढला आणि डोळ्यांदेखत मधोमध खड्डा पडला. त्यात क्रीम भरून वेळ मारून नेली.

पुढच्या वेळी एका मैत्रिणीने सांगितलं, ‘अगं, साखर घालायचीच नाही.’ का, ते मी विचारलं नाही. साखर गाळली आणि केक अगदी हवा तसा झाला. सासूबाईंना बरीच वर्षं मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ‘आई, बिनधास्त खा. एक चमचासुद्धा साखर घातलेली नाही.’ बिचाऱ्यांनी दोन तुकडे आवडीने खाल्ले. जेवणानंतर दोन तासांनी त्यांची साखर एरवी १७०-१८० असते. त्या रात्री यंत्रावर २८७ दिसली. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘तूच म्हणालीस ना, साखर नाही म्हणून?’

त्या रात्री मी कचऱ्यातून रिकामा डबा काढला आणि पहिल्यांदा त्याची मागची बाजू वाचली.

आता नीट समजून घेऊ. कंडेन्स्ड मिल्क म्हणजे दुधातलं बरंचसं पाणी आटवून त्यात भरपूर साखर घातलेली असते. आपण कढईत दूध आटवतो तेव्हा ते तळाला लागतं आणि रंग बदलतो. कारखान्यात हवेचा दाब कमी केलेल्या बंद भांड्यात दूध आटवतात, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळतं आणि करपत नाही. अमेरिकेत गेल बॉर्डन यांनी १८५६ मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्या काळी घरोघरी फ्रीज नव्हते, दूध लगेच नासायचं. आटवलेल्या दुधात साखर भरपूर असली की जंतूंना वाढायला लागणारं पाणी मिळत नाही. मोरावळा टिकतो तोच हा हिशेब. म्हणजे ही साखर नुसती चवीपुरती नाही, दूध टिकतं ते तिच्याच जोरावर. म्हणून ती थोडीथोडकी असूच शकत नाही.

किती असते? १०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कमध्ये साधारण ५५ ग्रॅम साखर. त्यातली बहुतेक वरून घातलेली, उरलेली दुधातली लॅक्टोज. ४०० ग्रॅमच्या डब्यात झाली साधारण २२० ग्रॅम. केकचे १२ तुकडे केले तर एका तुकड्यात १८ ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळजवळ चार चमचे. दोन तुकड्यांचे आठ. मैदा वेगळाच, त्याचीही शेवटी साखरच होते. मी सासूबाईंना आठ चमचे साखर खायला घालून वर ‘बिनसाखरेचा’ म्हणून सांगितलं होतं.

आणि आता पहिला केक का बसला, तेही कळतं. डब्यातली २२० ग्रॅम साखर, वर माझी वाटीभर. साखर पाणी धरून ठेवते, त्यामुळे मैद्यातला स्टार्च घट्ट व्हायला जास्त उष्णता आणि जास्त वेळ लागतो. इकडे सोड्याचे बुडबुडे फुगून मोकळे होतात, पण त्यांच्या भोवतीची भिंत अजून ओलीच असते. केक बाहेर काढला की छप्पर खाली येतं. जास्त साखरेचा केक फुगतो चांगला, पण उभा राहत नाही.

‘वरून करपला’ याचंही कारण डब्यातच आहे. दुधातली प्रथिनं आणि लॅक्टोज उष्णतेने एकत्र आली की रंग झपाट्याने तांबूस होतो. खव्याला, पेढ्याला येतो तोच हा रंग. इथे दूध आधीच घट्ट आहे, त्यामुळे रंग लवकर चढतो. म्हणून हा केक १८० ऐवजी १६५ ते १७० अंशांवर भाजा, आणि वरचा रंग मनासारखा झाला की वर फॉइल सैलसर झाका. रंग बघून ओव्हन बंद करू नका. मधोमध विणकामाची सुई घाला, ती कोरडी आली तरच केक झाला.

आता माझं प्रमाण लिहून घ्या. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, २५० ग्रॅम मैदा, १२० ग्रॅम वितळवलेलं बटर, १५० मिलिलिटर दूध, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, एक मोठा चमचा व्हिनेगर, थोडा व्हॅनिला. साखर नाही. व्हिनेगर विसरू नका. सोड्याला फुलायला आंबट काहीतरी लागतं, नाहीतर तो तसाच उरतो आणि केकला साबणासारखी चव येते. व्हिनेगर नको असेल तर दुधातलं थोडं कमी करून तेवढं दही घाला. मैदा, बेकिंग पावडर आणि सोडा एकत्र दोनदा चाळा, ओलं साहित्य वेगळं फेटा, मग दोन्ही हलक्या हाताने एकत्र करा. घोटत बसू नका, केक चिवट होतो. आठ इंची भांडं, ३५ ते ४५ मिनिटं. डब्यावरचं वजन मात्र बघून घ्या. लहान डबा असेल तर बाकीचं सगळं त्या हिशेबाने कमी करा.

ओव्हन नाही? जाड बुडाच्या कुकरमध्ये तळाला मीठ पसरा, वर जाळी ठेवा. शिट्टी आणि रबर दोन्ही काढा. दहा मिनिटं तापवून मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं.

कमी गोड हवा असेल तर डबा अर्धाच वापरा: २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १८० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम बटर, १५० ग्रॅम दही आणि लागेल तसं दूध. बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा पाव, भांडं सहा-सात इंची. दह्याचा आंबटपणा असल्याने व्हिनेगर नको. चहाबरोबर खायला हा केक मला जास्त आवडतो. उरलेलं कंडेन्स्ड मिल्क डब्यात ठेवू नका, काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे २०० ग्रॅम सुकं किसलेलं खोबरं त्यात कालवा, लहान ढीग घाला, १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की मॅकरून तयार.

एक सूचना मनापासून. कॅरमेलसाठी बंद डबा पाण्यात उकळायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. पाणी आटलं की डबा फुटतो आणि आतलं उकळतं मिश्रण अंगावर येतं.

आता शेवटचा प्रश्न, मधुमेहाचा. अर्धा डबा वापरला तरी त्या केकमध्ये साखर आहेच. कोणी किती खायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, पण किती साखर आहे हे खरं सांगणं करणाऱ्याच्या हातात आहे. ‘मी साखर घातली नाही’ आणि ‘यात साखर नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. माझ्याकडून त्यांची गल्लत झाली होती.

आता मी केक केला की सासूबाई आधी विचारतात, ‘डबा अर्धा की अख्खा?’ मग किती घ्यायचा, ते त्यांचं त्या ठरवतात.

पुढच्या भागात घरच्या घरी कंडेन्स्ड मिल्क कसं आटवायचं ते बघू. तोपर्यंत एकच काम करा. स्वयंपाकघरात डबा असेल तर तो उलटा करून मागची बाजू वाचा. नमस्कार!